अकरा प्लॉट आणि एक बातमी

६ जुलै २०१८ ला नागपुरात पाऊस कोसळला तेव्हा विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन इथेच सुरू होते. विधान भवनाच्या विजेच्या खोलीत पाणी शिरले, दिवे गेले, कामकाज थांबवावे लागले. देशभरच्या वाहिन्यांवर दिवसभर तीच दृश्ये होती. बेसा-बेलतरोडीच्या पुढे, जिथे शहर विरळ होते आणि ले-आऊटचे सिमेंटचे खुंट दिसू लागतात, तिकडे कोणी कॅमेरा नेला नाही. हे प्रकरण तिथले आहे.

प्रकरण एका बातमीचे आहे. ३९० शब्दांची बातमी. १० जुलैच्या रात्री साडेदहाला ती पान एकवर लागली होती आणि अकराच्या आत उतरली. मी तेव्हा नागपुरातल्या एका मराठी दैनिकात शहर डेस्कवर मुख्य उपसंपादक होतो. पान मीच लावले होते, बातमी उतरवलीही मीच. दैनिकाचे, विकासकाचे, सहकाऱ्यांचे नाव मी घेणार नाही. त्यांतले बरेच जण अजून त्याच इमारतीत नोकरी करतात, आणि ज्या व्यवहारात आम्ही सगळे अडकलो होतो तो व्यवहार मला इथे उलगडायचा आहे.

मालकाने फोन केला, संपादक दबला, बातमी गेली, असे आपण धरून चालतो. आमच्याकडे मालकाने फोन केलाच नाही. तशी गरजच उरली नव्हती. ती का उरली नव्हती, हे कळायला मला चार महिने लागले.

नकाशा आणि टेप

शहर विकासाची बीट आमच्याकडे एक एकोणतीस वर्षांचा वार्ताहर पाहायचा. शुक्रवारी संध्याकाळी त्याला एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. आमचा पेपर त्यांच्या घरी अठरा वर्षांपासून येत होता. म्हणाले, "भाऊ, घरात गुडघाभर पाणी हाये. नाला कुठं गेला ते एकदा येऊन पाहा."

शनिवारी सकाळी तो गेला. पाणी ओसरले होते, चिखल राहिला होता. काकू अंगणातल्या खाटेवर मुलीच्या मार्कशीटा वाळत घालत होत्या, वारा आला की उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक चमचा ठेवलेला. हे त्याने कॉपीत लिहिले होते. मी ते काढले नाही, कारण एवढ्या एका ओळीत पुराची सगळी बातमी होती.

गुरुजींकडे ले-आऊटच्या मंजूर नकाशाची प्रत होती, माहिती अधिकारात मिळवलेली. नकाशात पूर्वेच्या हद्दीने नऊ मीटर रुंदीचा नाला होता. जागेवर त्या ठिकाणी मुरमाचा रस्ता होता, रस्त्याच्या पलीकडे ओळीने प्लॉट पाडलेले. नाला रस्त्याखालच्या सिमेंटच्या पाइपातून जात होता. गुरुजींनी टेपचे एक टोक धरले, वार्ताहराने दुसरे, आणि पाइपाचे तोंड मोजले. नव्वद सेंटिमीटर. ले-आऊट मंजूर करताना नियमाने सोडायची दहा टक्के मोकळी जागा होती, तिथे तारेचे कुंपण आणि बुकिंगचे ऑफिस. मोजमापे त्याने नकाशाच्या झेरॉक्सच्या मागे पेनाने लिहून घेतली. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

नागपूरबाहेरच्या वाचकाला या बातमीचे वजन कदाचित लगेच जाणवणार नाही. इथल्या मध्यमवर्गाची कहाणी प्लॉटभोवती फिरते. "प्लॉट घेतला का?" हा प्रश्न लग्नाच्या आधी आणि निवृत्तीच्या नंतर हमखास विचारला जातो. ५७२ आणि १९०० हे अनधिकृत ले-आऊटचे आकडे नागपूरकराला नुसते ऐकून कळतात, कारण ते नियमित करण्याच्या चळवळीत त्याच्या घरातले कोणी ना कोणी होते. २००१ चा गुंठेवारी कायदा, डिमांड, आर.एल. म्हणजे नियमित झाल्याचे पत्र, हे शब्द इथे भाजीबाजारात बोलले जातात. वेकोलितून, म्हणजे इथल्या सरकारी कोळसा कंपनीतून, निवृत्त झालेला माणूस फंडाच्या पैशातून प्लॉट घेतो आणि मंजूर ले-आऊट असला की निर्धास्त होतो. हा ले-आऊट मंजूर होता. मंजूर नकाशातला नाला जागेवर नव्हता. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत शहराच्या वाचकाला याहून जास्त लागू पडणाऱ्या बातम्या हातावर मोजण्याइतक्या आल्या असतील.

रात्र

वार्ताहराने घाई केली नाही. सोमवारी संबंधित कार्यालयाचे म्हणणे घेतले, विकासकाला तीनदा फोन लावले. चौथ्यांदा फोन उचलला गेला आणि उत्तर मिळाले, "मी तुमच्या मार्केटिंगशी बोलतो." वार्ताहराने ते मला सांगितले. आम्ही दोघेही त्यावर फार थांबलो नाही, असे बोलणारे पुष्कळ भेटतात.

मंगळवारी बातमी तयार झाली. मी ती पान एकच्या तळाला अँकर म्हणून लावली, पाच कॉलम, सोबत पाइपाच्या तोंडाचा फोटो. मथळा दिला, 'नाला गेला पाइपात, पाणी आले घरात'. डाक आवृत्ती सुटली होती, शहर आवृत्तीला अवकाश होता. दहा चाळीसला जाहिरात विभागाचे प्रमुख वर आले. त्यांचा विभाग पहिल्या मजल्यावर, आमचा दुसऱ्या. रात्री त्यांना मी त्या जिन्यावर त्याआधी कधी पाहिले नव्हते. ते डेस्कवर न थांबता सरळ निवासी संपादकांच्या केबिनमध्ये गेले. पंधरा मिनिटांनी संपादक बाहेर आले, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आज राहू दे. बिल्डरची बाजू नीट आलेली नाही."

मी म्हटले, "सर, आलीय. बोलायला नकार दिला अशी ओळ आहे."

"उद्या घेऊ."

रिकाम्या जागेत मी पाण्यातून सायकल ओढत नेणाऱ्या शाळकरी पोरांचा फोटो पाच कॉलमांत लावला. चांगला फोटो होता. पान सोडले.

पुढे जे झाले ते डेस्कवर काम केलेल्या कोणालाही ओळखीचे वाटेल. बुधवारी बाजू हवी होती. गुरुवारी बाजू आली, वकिलाचे तीन पानी पत्र, म्हणून कायदेशीर सल्ला हवा होता. शुक्रवारी अधिवेशनाच्या बातम्यांनी जागा खाल्ली. पुढच्या आठवड्यात बातमी शिळी झाली होती. वीस जुलैला पान सातवर १७० शब्द आले, 'शहराच्या सीमेवरील एका ले-आऊटमध्ये पाणी साचून नागरिकांची गैरसोय'. ले-आऊटचे नाव नाही, विकासकाचे नाही, नाल्याचा उल्लेख नाही. बातमी मारायची तर "नको" म्हणावे लागत नाही, "उद्या" म्हटले की पुरते. "नको" म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो. "उद्या" म्हणणाऱ्याशी काय वाद घालणार?

त्यानंतरच्या रविवारी पुरवणीत त्याच विकासकावर अर्धे पान आले. फोटो, प्रवास, 'सामान्यांना हक्काचे घर'. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'इम्पॅक्ट फीचर' असे दोन शब्द होते, म्हणजे जाहिरातदाराच्या पैशाने छापलेला मजकूर. गुरुजींनी ते पान वाचले आणि वार्ताहराला फोन केला. त्यांनी एवढेच विचारले, "आपलं काहून नाही आलं भाऊ?"

कॅन्टीनमधली सूचना

मोठा जाहिरातदार आहे, दिवाळीची जाहिरात हातची जाईल म्हणून बातमी गेली, असे मी चार महिने समजत होतो. या दबावाची आम्हाला सवय होती. त्याचे काही अलिखित नियमही होते. जाहिरातदार मोठा असला तरी बातमी भक्कम असली की ती लागायची, फार तर एक दिवस उशिरा, मथळा थोडा मवाळ करून. जाहिरात बंद व्हायची आणि दोन महिन्यांनी परत यायची, कारण त्यालाही वाचक हवा असतो. म्हणून या वेळी बातमी पुरतीच का गेली, हे मला उमगत नव्हते.

नोव्हेंबरमध्ये कॅन्टीनच्या फळ्यावर मनुष्यबळ विभागाची सूचना लागली. कर्मचाऱ्यांसाठी सवलतीच्या दरात भूखंड, मर्यादित संख्या, पगारातून हप्ते. ले-आऊटचे नाव वाचून मी हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला. लेखा विभागातल्या एका जुन्या सहकाऱ्याला विचारले. त्याला यात लपवण्यासारखे काही वाटत नव्हते. म्हणाला, "अरे, बार्टरचे आहेत ते. अकरा प्लॉट. वर्षभराच्या जाहिरातींचे पैसे त्यानं प्लॉटमध्येच दिले. आता कंपनीला ते काढायचे आहेत."

विकासकाने आमच्या कंपनीवर दबाव टाकला, असे म्हणण्यात आता अर्थच उरला नाही. आमची कंपनीच त्या ले-आऊटमध्ये प्लॉटधारक होती. पाइपाचा फोटो पान एकवर आला असता तर विकासकाच्या प्लॉटचे भाव जेवढे पडले असते तेवढेच आमचेही. त्या रात्री जिना चढून आलेला माणूस एका अर्थी स्वतःच्या मालाची राखण करायला आला होता.

ही पद्धत मोठ्या शहरांत आधी आली, खासगी करार या नावाने. या शतकाच्या पहिल्या दशकात मोठ्या माध्यम समूहांनी कंपन्यांचे समभाग घेऊन त्या बदल्यात जाहिरातीची जागा द्यायला सुरुवात केली. पुढे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने यात गुंतवणूकदाराचे नुकसान पाहिले. ज्या कंपनीत आपला हिस्सा आहे तिच्याबद्दल लिहिताना वृत्तपत्राने तो हिस्सा जाहीर करावा, असा तिचा आग्रह होता, आणि २०१० साली प्रेस कौन्सिलने तो मान्य केला. पण तो नियम समभागांचा. जिल्ह्याच्या ठिकाणी समभाग नसतात. तिथे प्लॉट असतात, फ्लॅट असतात, शोरूममधली गाडी असते, हॉटेलच्या खोल्या असतात. जाहिरात विभागाच्या वहीत त्याची किंमत लागते, उत्पन्न दिसते, टार्गेट पूर्ण होते आणि कंपनीच्या मालमत्तेत अकरा सातबारांची भर पडते.

२०१८ मध्ये हे का वाढले, त्यालाही कारण होते. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मे २०१७ पासून महारेरा हे बांधकाम व्यवसायावरचे नियामक प्राधिकरण, जुलै २०१७ पासून जीएसटी. शहराच्या कडेच्या विकासकांकडे रोख उरली नव्हती, जमीन होती. वृत्तपत्रांकडे जाहिराती कमी झाल्या होत्या, जागा रिकामी होती. एकाकडे न विकलेली जमीन, दुसऱ्याकडे न विकलेली पाने. त्यांची अदलाबदल झाली. ही अदलाबदल करणाऱ्या कोणालाही, मला वाटते, त्या दिवशी एखाद्या बातमीचा विचार मनातही आला नसेल. माझी काळजी नेमकी तीच आहे. बातमी जन्माला येण्याच्या आठ महिने आधी तिचा निकाल लागला होता, आणि तो लावणाऱ्यांना आपण तसे काही करतो आहोत हे ठाऊक नव्हते.

एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. सूचनेखाली अर्जाची चळत ठेवली होती. मी एक अर्ज घेतला. घरी नेला, बायकोला दाखवला. नकाशा माझ्या कपाटात होता, तरीही दर पाहून आम्ही दोन रात्री हिशेब केला. वरच्या भागातला प्लॉट मिळाला तर पाणी लागणार नाही, असेही बोललो. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "तुम्हाला तिथं झोप लागेल का?" अर्ज फाडला. पण त्या दोन दिवसांत कोणी मला ती बातमी पुन्हा लावायला सांगितली असती, तर माझा हात किती सहज चालला असता, याची खात्री मला आजही देता येत नाही. मालकीचा परिणाम वरून खाली येतो असे आपण म्हणतो. इथे तो बाजूने आला आणि माझ्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोहोचला.

सहा रकाने

मार्च महिन्यातली एक चौकट मी वर्षानुवर्षे पानावर लावली. फेब्रुवारी संपला की वृत्तपत्राला 'नमुना चार' छापावा लागे. त्यात सहा रकाने होते: प्रकाशनाचे ठिकाण, नियतकालिकता, मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि सहावा मालकांचा. या सहाव्यात एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेल्या भागधारकांची नावे व पत्ते. हा नमुना १८६७ च्या कायद्याखालचा होता. तो कायदा जाऊन त्या जागी २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. वाचकांपैकी कोणी ती चौकट वाचत असेल असे मला कधी वाटले नाही, मीही नुसती शुद्धलेखनासाठी वाचायचो. या प्रकरणानंतर मी ती पहिल्यांदा मन लावून वाचली. वृत्तपत्र कोणाचे आहे ते तिथे होते. वृत्तपत्राचे काय काय आहे, यासाठी रकाना नव्हता.

नागपूरच्या वाचकाला मालकी हा विषय नवा नाही. 'हितवाद' १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केले. भारत सेवक समाजाचे पत्र म्हणून लोक ते वाचत. पुढे ते बनवारीलाल पुरोहितांकडे आले, जे नागपूरचे खासदार होते आणि नंतर राज्यपाल झाले. 'तरुण भारत' संघाच्या विचाराचे, हे महालातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. 'लोकमत' जवाहरलाल दर्डांनी डिसेंबर १९७१ मध्ये नागपुरातून दैनिक केले. दर्डा स्वातंत्र्यसैनिक, काँग्रेसचे नेते, राज्याचे मंत्री. हे सगळे उघड आहे. मी सांगतो ते प्रकरण यांपैकी कोणत्याही पत्राचे नाही. ही नावे मी एवढ्यासाठीच घेतली की राजकीय मालकीसोबत जगायला नागपूरकर केव्हाच शिकला आहे. तो एका पत्रात एका पक्षाची बातमी वाचतो, दुसऱ्यात दुसऱ्याची, आणि मधला अंदाज स्वतः बांधतो. धंतोलीतल्या टिळक पत्रकार भवनासमोरचा चहावालाही हे गणित बसल्या बसल्या करून दाखवेल.

व्यापारी हितसंबंध मात्र त्याला दिसत नाही. पक्षाचा रंग मथळ्यात उतरतो. प्लॉटचा रंग उतरत नाही, कारण तिथे मथळाच नसतो. न आलेली बातमी वाचक ताडून कशाशी पाहणार? दुसऱ्या पत्रात पाहावे म्हटले, तर त्याच विकासकाची तिकडेही जाहिरात असते, कदाचित तिकडेही प्लॉट असतील.

महाराष्ट्रात वृत्तपत्रांच्या विश्वासार्हतेचा विषय निघाला की २००९ च्या निवडणुकीतल्या पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या प्रचारावर, येऊन थांबतो. तो विषय मोठाच होता. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी ७१ पानांचा अहवाल दिला. त्यातली नावे गाळून कौन्सिलने आधी त्रोटक अहवाल काढला आणि मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये बाहेर आला. पण पेड न्यूज छापलेली असते. कात्रण हातात धरता येते, दोन पत्रांतला शब्दन्‌शब्द सारखा मजकूर शेजारी शेजारी ठेवता येतो. आमच्या प्रकरणात पुरावा म्हणजे एक डमी पान, जे त्याच रात्री पुसले गेले.

संपादकांचे म्हणणे

निवासी संपादकांशी मी डिसेंबरमध्ये बोललो. नेमका शब्द लक्षात आहे तेवढे लिहितो, बाकी आशय. प्लॉटचे त्यांना ठाऊक होते. ते म्हणाले, आपला अंक पाच रुपयांना जातो, त्यातून विक्रेत्याचे कमिशन वजा कर, उरलेल्यात कागदसुद्धा येत नाही. न्यूजप्रिंट त्या वर्षी खरोखरच कडाडला होता. छपाई, शाई, गाड्या, पगार, हे सगळे जाहिरातीवर. मग म्हणाले, "एका ले-आऊटची बातमी गेली. त्या पैशावर गडचिरोलीच्या शंभर बातम्या आल्या. तू हिशेब कर."

या म्हणण्यात खोटे काही नव्हते. गडचिरोलीच्या बातम्या खरोखर आल्या होत्या, चांगल्या होत्या. पण मला तो हिशेब तेव्हाही पटला नाही, आताही पटत नाही. गुरुजींनी पेपरसाठी पैसे मोजले ते स्वतःच्या घरातल्या पाण्याबद्दल कळावे म्हणून. त्यांचा वाटा गडचिरोलीला वळता करण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला होता?

शिवाय संपादकांच्या जागी संपादकाचे बळ उरले नव्हते. कोणती जाहिरात कशाच्या मोबदल्यात घ्यायची हा निर्णय झाला त्या बैठकीत ते नव्हते. त्यांना नंतर कळवले गेले. अंकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत असते, बातम्यांच्या निवडीची जबाबदारी यांची. ती ओळ त्यांच्या नावाने छापली जात होती.

वार्ताहराचे मात्र त्या बातमीनंतर फार काही उरले नाही. तो कायम नोकरीत नव्हता. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन आयोगाची अधिसूचना ११ नोव्हेंबर २०११ ची, सर्वोच्च न्यायालयाने ती ७ फेब्रुवारी २०१४ ला उचलून धरली. त्यानंतर आमच्याकडे नवी भरती वर्षाच्या कराराने आणि दुसऱ्याच कंपनीच्या नावाने होऊ लागली. कंत्राटी पत्रकारही आयोगाच्या कक्षेत येतात, असे न्यायालयाने १९ जून २०१७ ला स्पष्ट केले. पण ते मिळवायला कामगार न्यायालयात जावे लागते, आणि जाणाऱ्याचा करार मार्चमध्ये संपतो. मार्च २०१९ मध्ये त्याचा करार वाढला, बीट बदलली, मग बदली झाली. जून २०२० मध्ये, कोरोनात, जे कमी केले गेले त्यांत तो होता. आता हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. चांगला सांभाळत असेल. मोजमाप तो आधीपासून चोख घ्यायचा.

एक ओळ

मग करायचे काय? मालकांनी दुसरा धंदा करूच नये, ही मागणी जुनी आहे. दुसऱ्या प्रेस आयोगाने १९८२ च्या अहवालात वृत्तपत्रे इतर उद्योगांपासून वेगळी करण्याची शिफारस केली होती. ती तशीच राहिली. १२ ऑगस्ट २०१४ च्या शिफारशींत ट्राय या दूरसंचार नियामकाने खासगी करार थेट बंद करावेत असे सांगितले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. सरकारने यात हात घालावा म्हटले की पुण्याचा 'सकाळ' आठवतो. किंमत आणि पानांची संख्या सरकारने ठरवण्याचा १९५६ चा कायदा याच मराठी पत्राने सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १९६१ मध्ये तो रद्द करून घेतला. जाहिरातीची जागा कमी केली की किंमत वाढते, किंमत वाढली की खप घटतो, आणि खप घटवणे म्हणजे बोलण्यावर बंधन, असे न्यायालय म्हणाले. मला तो निकाल बरोबर वाटतो. सरकारच्या हातात पानांची पट्टी नको.

म्हणून मी फार मोठे काही मागत नाही. डिसेंबर २०१८ च्या त्या बोलण्यात मी संपादकांपुढे एक प्रस्ताव ठेवला होता. बातमी छापा आणि तिच्याखाली एक ओळ द्या, 'या ले-आऊटमध्ये आमच्या कंपनीच्या मालकीचे अकरा भूखंड आहेत.' पुरवणीतल्या त्या अर्ध्या पानाखालीही हीच ओळ द्या. ती ओळ छापायची ठरली असती तर जाहिरात विभागाने पुढच्या वेळी प्लॉट घेतानाच दोनदा विचार केला असता. आणि ओळ लपवणे शक्य नाही हे पक्के असते, तर बातमी रोखण्यातही फायदा उरला नसता. प्रेस कौन्सिल फार तर समज देते, ताशेरे ओढते, १९७८ च्या कायद्याने तिला त्यापुढे अधिकार दिलेला नाही. पण ही ओळ घालायला कौन्सिलची परवानगी कशाला हवी? कोणत्याही वृत्तपत्राला ती उद्याच्या अंकापासून घालता येईल. संपादक ऐकून म्हणाले, "वरती बोलतो." ते बोलले असतील. उत्तर आले नाही.

मी २०२१ मध्ये नोकरी सोडली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या, तेव्हा मला गुरुजींची आठवण झाली. दोन दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. पाणी त्यांच्याकडे पुन्हा आले होते. त्यांनी बैठकीच्या भिंतीवर पेन्सिलीने खूण केली होती, खाली २०२३, आणि तिच्या चार बोटे वर आधीची, २०१८. मी त्यांना पाच वर्षे उशिरा खरे सांगितले. अकरा प्लॉटचे. ते बराच वेळ गप्प बसले. मग चष्मा घातला, नकाशा उघडला आणि विचारले, "कोणते अकरा?"

मला आठवत होते तेवढे क्रमांक सांगितले. आम्ही चालत तिकडे गेलो. चार प्लॉटवर घरे झाली होती. पाइपाकडच्या घरातून एक माणूस घमेल्याने चिखल बाहेर टाकत होता. त्याने वर पाहिले आणि मला ओळखले. आमच्या छपाई विभागातला मशीनमन. कर्मचारी योजनेत घेतला होता प्लॉट, हप्ते अजून चालू होते. १० जुलै २०१८ च्या रात्रपाळीला मशीनवर तोच होता. पान सुटायला उशीर झाला म्हणून खालून दोनदा फोन करणाराही तोच.

मी त्याला सांगितले. उभ्यानेच, चिखलात. त्याने घमेले खाली ठेवले, हात पँटला पुसले.

"सर, तो नकाशा अजून आहे का तुमच्याजवळ?"

"आहे."

"त्याची झेरॉक्स लागेल मला. मोजमापं मागं लिहिलीत म्हणता ना, तर दोन्ही बाजूंची काढा."